खुडूक कोंबडी म्हणजे बिघाड नव्हे



बारा दिवसांपूर्वी शेजारच्या वस्तीवर सरमाड बघायला गेलो होतो. हौदापाशी वहिनी एका तांबड्या कोंबडीला दोन्ही पायांना धरून पाण्यात बुचकळत होत्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कोंबडीनं मान टाकायची बाकी होती.

"वहिनी, काय चाललंय हे?"

"खुडूक बसलीय भावजी. आठ दिवस झालं अंडं नाही. शिबिरात साहेब म्हणालं, खुडूक मोडल्याशिवाय अंडी वाढायची नाहीत."

वहिनींचा राग नाही. त्यांना जे सांगितलं ते त्या करत होत्या. पाण्यात बुचकळणं, नाकपुडीत पीस खुपसणं, पाय बांधून टोपलीखाली उपाशी ठेवणं हे सगळे उद्योग आपल्या गावांत चालतात आणि मीही केलेत. माझा राग आहे तो त्या सल्ल्यावर. दहा-पंधरा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बाईला "खुडूक हा दोष आहे, मोडा" असं सरसकट सांगणं म्हणजे तिच्या हातानं तिचंच नुकसान करायला लावणं आहे. आज त्यावरच लिहितोय. लांबलंय, पण पुरतं वाचा.

आधी हे समजून घेऊ की हा सल्ला आला कुठून. अंड्याच्या धंद्यात, पिंजऱ्यातल्या पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या कोंबडीकडून वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घ्यायची असतात. तिथं खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे फुकट खाणारं तोंड. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्या जातीतून खुडूकपणा जवळजवळ काढूनच टाकला. त्यांची पिल्लं यंत्रात निघतात, शेडमध्ये दिव्याखाली वाढतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. त्या पुस्तकात चूक काही नाही, फक्त ते पुस्तक आपल्या परड्यासाठी लिहिलेलं नाही.

आपली गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि बसायला बघते. वर्षात असे तीन-चार फेरे होतात. म्हणजे पन्नास-साठ अंडी. खुडूक मोडून मोडून तुम्ही त्यात थोडी भर घालाल, पण तिची लेगहॉर्न होणार नाही. तिच्याकडून अंड्याचा धंदा करायचा म्हणजे बैलाकडून दुधाची आशा धरण्यासारखं. तिचं खरं उत्पन्न अंडं नाहीच. सहा-सात महिन्यांचा कोंबडा आणि अंड्यावर येऊ घातलेली तलंग, हे तिचं उत्पन्न.

आता हिशेब. माझ्या वहीतला, आमच्या भागातल्या भावाचा. तुमच्याकडं भाव वेगळा असेल तर तो घालून बघा.

कोंबडी बसवली की एकवीस दिवस उबवणीचे आणि पुढं पिल्लं सांभाळायचे सहा ते आठ आठवडे, म्हणजे साधारण सत्तर दिवस अंडं बंद. खुडूक मोडली असती तर या काळात तिनं फार तर वीस-बावीस अंडी दिली असती. शिवाय तिच्याखाली घातलेली बारा. अशी तेहेतीस अंडी धरा. गावरान अंडं बारा रुपयांनी विकतं, म्हणजे चारशे रुपये गेले. हे नुकसान खरं आहे, ते लपवायचं नाही.

बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्लं निघतात. त्यातली सहा मोठी झाली असं धरू. पाच महिने परड्यात चरून वर रोज मूठभर कण्या-भरडा दिला तरी सहा जणांचे सहाशे रुपये होतात. लस आणि जंताचं औषध पन्नास. एकूण खर्च साडेदहाशे. तीन कोंबडे पाचशेनं गेले तर दीड हजार. तीन तलंगा घरात राहिल्या, त्यांची किंमत तीनशेनं धरली तरी नऊशे. चोवीसशेतून साडेदहाशे वजा करा. एका रवणाचे साडेतेराशे रुपये राहतात आणि पुढच्या वर्षाला तीन नव्या कोंबड्या मिळतात.

हाच हिशेब उलटाही करून बघा. सहाच्या जागी तीनच जगली, त्यात एक कोंबडा आणि दोन तलंगा, तर हातात साडेतीनशे राहतात. त्यात मेहनत गेली. एकच जगलं तर सरळ तोटा. म्हणजे कोंबडी बसवावी की नाही, याचं उत्तर एकाच आकड्यात आहे: पिल्लं किती जगतात? शिबिरात खरं तर यावर बोलायला पाहिजे. पिल्लं जगवायची कशी हे शिकवायचं सोडून कोंबडी बुडवायची कशी हे शिकवतात, याचा मला संताप येतो.

मी शहाणा म्हणून हे सांगत नाही. मी स्वतः दोन वर्षं प्रत्येक खुडूक मोडली. अंडी थोडी वाढली, मला भारी वाटलं. जी कोंबडी सारखी बसायची ती मी आधी विकायचो. जी बसतच नाही ती ठेवायचो. वर सुधारित जातीची महिन्याची पिल्लं विकत आणली. मग एका उन्हाळ्यात वस्तीवर मानमोडी आली. चोवीस कोंबड्यांतल्या पाच राहिल्या. त्या पाचांपैकी एकही बसायला तयार नाही! बसतील कशा? बसणाऱ्या मीच वेचून विकल्या होत्या.

मग आम्ही तिघांनी मिळून चाळीस अंड्यांचं उबवणी यंत्र आणलं. यंत्र वाईट नव्हतं. त्याला साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास एकसारखी ऊब लागते, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो, अंडी फिरवावी लागतात. हे सगळं आम्ही केलं. अठराव्या दिवशी रात्री लाईट गेली ती सकाळी आली. चाळीसमधून चार पिल्लं निघाली. बाकीची अंडी फोडून बघितली तर आत पिसं आलेली, चोच आलेली पिल्लं, तयार होऊन मेलेली. त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "कोंबडीला लाईट लागत नाही रे." नंतर वाडीत खुडूक कोंबडी शोधत फिरलो. मिळाली नाही. शेवटी बहिणीच्या गावाहून एक काळी कोंबडी पिशवीत घालून एसटीनं आणली. आज माझ्याकडं जी सतरा डोकी आहेत ती बरीचशी तिचीच.

म्हणून सांगतो, खुडूकपणा हा वंशातून येणारा गुण आहे. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, छाती-पोटाची पिसं झडून तिथली कातडी उघडी पडते आणि अंड्याला थेट ऊब मिळते. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, कडेची आत घेते. दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन-पिऊन, शिटून परत. हे सगळं कुणी न शिकवता. आपण दरवर्षी बसणारी विकायची आणि न बसणारी ठेवायची असं केलं, तर आपल्या गावातून हा गुण जाणार. मग दर वर्षी पिल्लं विकत आणायची आणि कुणीतरी सांगेल तो भाव द्यायचा.

आता समोरच्यांचं म्हणणं. तेही प्रामाणिकपणे मांडतो.

"वनराजा, गिरिराजा जास्त अंडी देतात." देतात. हैदराबाद आणि बंगळूरच्या संशोधकांनी परसासाठीच त्या तयार केल्या आणि ज्याला अंडीच विकायचीत त्यानं त्या जरूर पाळाव्यात. पण त्या भरवशानं बसत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यातून निघालेली पिढी पहिल्यासारखी देत नाही, म्हणून पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागतात. यात भांडण कशाला? गावरान खुडूक कोंबडीखाली कडकनाथची अंडी घाला, ती उबवते. तिला आपलं-परकं नाही. विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लंसुद्धा ती घेते, फक्त ती दोन-अडीच आठवडे नीट बसलेली हवी आणि पिल्लं रात्री अंधारात, आवाज न करता तिच्या पोटाखाली सरकवायची. पहिल्या दिवशी लक्ष ठेवा. टोचायला लागली तर काढून घ्या.

"कोंबडीखालची पिल्लं घार नेते, मुंगूस नेतं, मांजर नेतं." नेतात. पण यात कोंबडीचा काय दोष? निघाल्या दिवसापासून तिला पिल्लांसकट उकिरड्यावर सोडून देणारे आपणच. पहिले तीन आठवडे ती जाळीत किंवा डालग्याखाली असली पाहिजे.

"एवढी झंझट कोण करणार?" दिव्याखाली पिल्लं वाढवायला झंझट नाही का? पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी, रात्री उठून बघा पिल्लं दिव्याखाली गोळा झालीत का लांब पळालीत. हे काम कोंबडी पंखाखाली करते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. "निसर्ग सगळं बघतो, गावरान कोंबडीला लस लागत नाही" असं म्हणणारेही कमी नाहीत. हे साफ खोटं आहे. मानमोडी गावरान-सुधारित बघत नाही. माझ्या एकोणीस कोंबड्या पाच दिवसांत गेल्या, त्यातल्या निम्म्या अस्सल गावरान होत्या. कोंबडी पिल्लांना ऊब देते, चरायला शिकवते, घारीची सावली दिसली की हाक देऊन पंखाखाली घेते. पण रोग तिला थांबवता येत नाही, उलट तिच्या अंगावरच्या उवा आणि पोटातले जंत पिल्लांना जातात. तेवढं काम आपलं. लस न देता कोंबडी बसवणार असाल तर माझा वरचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

मी काय करतो ते सांगतो. यात नवीन काही नाही, बरंचसं आईचं आहे.

१. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत निघतील अशी पिल्लं काढतो. कडक उन्हाळ्यात आणि भर पावसात बसवत नाही.

२. जी कोंबडी बसवायची असते तिला आधीच लस आणि जंताचं औषध देऊन ठेवतो. लस दिलेल्या आईच्या अंड्यातून पिल्लाला पहिल्या काही दिवसांपुरतं संरक्षण मिळतं. बसल्यावर तिला छेडत नाही.

३. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली. धूत नाही. मडकं ओल्या वाळूवर ठेवून त्यात साठवतो. घरात ऊन तापलं की अंड्यात जीव धरायला सुरुवात होते आणि अर्धवट मरतो, म्हणून थंड जागा महत्त्वाची. कोंबडा कळपात पाहिजेच, नाहीतर तिनं एकवीस दिवस बसून काय उपयोग? आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो.

४. पाटीत खाली दोन बोटं माती, वर भुसकट, त्यात थोडा कडुलिंबाचा पाला. आधी दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून बघतो. टिकली तरच रात्री खरी अंडी घालतो. लहान कोंबडीला नऊ, मोठीला अकरा-बारा. आई विषम आकडा घालते आणि पाटीत कोळसा ठेवते. ठेवू दे, त्यानं काही बिघडत नाही.

५. जवळच पाणी, अख्खी बाजरी किंवा मका, आणि अंग घोळायला राखमाती. ती उठतच नसेल तर दिवसातून एकदा हातानं उठवतो.

६. सातव्या रात्री मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरून बघतो. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं तर जीव आहे. स्वच्छ दिसलं तर ते काढून टाकतो. चौदाव्या रात्री पुन्हा. अठराव्या दिवसानंतर हात लावत नाही.

७. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवतो. पिल्लं निघाली की दोघींची एकीला देतो. दुसरी मोकळी होऊन लवकर अंड्यावर येते. वरच्या हिशेबातलं निम्मं नुकसान इथंच भरून निघतं.

८. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे चांगलं बारीक खाद्य, कोंबडीला पोचणार नाही अशा जागी. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे, नाहीतर पिल्लं बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात थेंब. पुढच्या लसी डॉक्टरांना विचारून.

आणि खुडूक मोडायची वेळ येते का? येते. कोंबडी अगदी हडकली असेल, मे महिना असेल, वाडीत रोग असेल किंवा ती अंडी फोडणारी, पिल्लं तुडवणारी असेल तर मोडा. पण बुडवू नका. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून उंच टांगा, खालून वारं लागलं पाहिजे. आत दाणा-पाणी द्या, पाटी-भुसकट काही नको. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत उठतात. उपाशी ठेवायची, भिजवायची काही गरज नसते. भिजवलेली कोंबडी आजारी पडली तर अंडीही गेली आणि कोंबडीही.

शेवटचं, जे लोक शिबिरं घेतात, योजना राबवतात त्यांना. साहेब, तुम्ही आमच्या भल्यासाठीच येता. पण दहा कोंबड्यांच्या बाईची खरी अडचण खुडूक कोंबडी नाही, लसीची बाटली आहे. बाटली शंभर डोसांची, तिच्याकडं पिल्लं दहा. बर्फात आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची. म्हणून ती आणतच नाही, आणि पिल्लं मरतात, आणि मग आपण म्हणतो कोंबडी बसवणं परवडत नाही. यावर उपाय आहे. सगळ्या वाडीनं एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायच्या, पिल्लं एकाच आठवड्यात निघतील, एका बाटलीत सगळ्यांची लस होईल. आमच्या वस्तीवर सहा घरांनी मागच्या हिवाळ्यात हे केलं. पैसे वाटून घेतले, कुणालाच जड गेलं नाही. तुम्ही शिबिरात हे एवढं जमवून दिलंत तर खुडूक मोडायचं शिकवायची गरजच उरणार नाही.

आणि तुम्ही सगळे, निदान एवढं करा. घरातली सगळ्यात चांगली बसणारी, पिल्लं सांभाळणारी कोंबडी विकू नका. पाहुणे आले म्हणून कापू नका. वाडीत अशा दोन-तीन तरी राहू द्या.

त्या तांबड्या कोंबडीचं पुढं काय झालं, ते सांगतो. वहिनींना म्हटलं, दोन दिवस तिला काही करू नका. भिजवली, घाबरवली तरी ती परत त्याच कोपऱ्यात जाऊन रिकाम्या जमिनीवर बसली. मग माझ्याकडची अकरा अंडी नेऊन दिली. तीन दिवसांपूर्वी रात्री वहिनी आणि मी मोबाईल लावून बघितलं. नऊ अंड्यांत शिरा दिसल्या. वहिनी बराच वेळ एकच अंडं धरून बघत होत्या. आत बारीक ठिपका हलत होता.

आज दहावा दिवस. अजून अकरा आहेत. किती निघाली आणि दोन महिन्यांनी किती राहिली ते इथंच लिहीन. कमी निघाली तरी लिहीन. तुमचा हिशेब वेगळा येत असेल तर जरूर सांगा, पण वहीतल्या आकड्यानं सांगा.